लेडी शिवा

डीसी कॉमिक्स या अमेरिकी प्रकाशनसंस्थेच्या चित्रकथांमधील युद्धकलानिपुण खलनायिका. मूळ नाव सँड्रा वूसान. लेखक डेनिस ओनील आणि चित्रकार रिक एस्ट्राडा यांनी निर्माण केलेले हे पात्र ‘रिचर्ड ड्रॅगन, कुंगफू फायटर’ या मालिकेच्या पाचव्या अंकात, १९७५ च्या अखेरीस, प्रथम वाचकांसमोर आले. कोणतीही अलौकिक शक्ती नसताना निव्वळ हातापायांच्या बळावर जगातील सर्वश्रेष्ठ लढवय्यांत तिची गणना होते आणि तिच्याशी समोरासमोर भिडताना बॅटमॅनलाही विजयाची खात्री नसते. सुपरहिरो कॉमिक्समधल्या खलपात्रांना बहुधा जग जिंकायचे असते, नाहीतर नायकावर सूड उगवायचा असतो. शिवाला यातले काही नको असते. तिला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी हवा असतो आणि तो सापडत नसेल तर ती तो स्वतः घडवते. म्हणूनच खलनायिका असूनही तिच्या हातून घडलेले सर्वांत मोठे काम गुरूचे आहे. शिवा हे नाव हिंदू देवतेच्या संहारक रूपावरून घेतलेले असले, तरी पात्र पूर्व आशियाई वंशाचे असून शैव परंपरेशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही.

ब्रूस लीच्या चित्रपटांमुळे १९७३ च्या सुमारास अमेरिकेत कुंगफूची जी लाट आली, तिचा फायदा दोन्ही मोठ्या कॉमिक्स प्रकाशकांनी उठवला. मार्व्हलने शांग-ची आणि आयर्न फिस्ट हे नायक आणले, तर डीसीने रिचर्ड ड्रॅगन. क्योटोतील एका डोजोत, म्हणजे युद्धकलेच्या शाळेत, चोरी करायला शिरलेला हा तरुण तेथील गुरू ओ-सेन्सेई यांचा शिष्य होतो, अशी त्याची कथा. बहिणीच्या मृत्यूला ड्रॅगनच जबाबदार आहे असे भासवले गेल्यामुळे सँड्रा त्याच्यावर चालून येते. खरे कळल्यावर मात्र ती त्याच्याच बाजूने लढू लागते. म्हणजे आरंभी ती खलनायिका नव्हतीच. लाट ओसरली, १९७७ मध्ये मालिका १८ अंकांवर बंद पडली आणि शिवाही काही काळ मागे पडली.

तिला आजचे रूप मिळाले ते १९८७ मध्ये, ओनील यांच्याच ‘द क्वेश्चन’ या मालिकेत. हब सिटी या भ्रष्टाचाराने पोखरलेल्या शहरातील वार्ताहर व्हिक सेज चेहराविहीन मुखवटा चढवून गुंडांशी लढत असतो. पहिल्याच अंकात शिवा त्याला लोळवते. उरलेसुरले काम गुंड करतात आणि डोक्यात छर्रा घालून त्याला नदीत फेकून देतात. पुढे त्याला पाण्यातून बाहेर काढते ती शिवाच, आणि बरा झाल्यावर ती त्याला रिचर्ड ड्रॅगनकडे शिकायला धाडते. या वागण्यात दयेचा अंश नाही. त्या माणसाच्या लढण्यात तिला कौशल्य दिसले नव्हते, पण जिद्द दिसली होती. एवढा चांगला ऐवज अर्धाकच्चा वाया जाऊ नये, असा तिचा रोकडा हिशेब. पुढच्या लेखकांनी शिवाच्या ज्या ज्या कथा लिहिल्या, त्यांचा साचा बहुतांशी याच कथेत सापडतो.

ओनील १९८६ पासून बॅटमॅनच्या मालिकांचे संपादक होते, त्यामुळे शिवाने पुढे बॅटमॅनच्या कथांमध्ये मुक्काम ठोकला यात नवल वाटू नये. १९९१ च्या ‘रॉबिन’ या छोट्या मालिकेत ती बॅटमॅनचा साथीदार रॉबिन, म्हणजे किशोरवयीन टिम ड्रेक, याला पॅरिसमध्ये शिकवते. हाँगकाँगमध्ये किंग स्नेक हा गुन्हेगार टिमच्या हाती सापडतो तेव्हा त्याला ठार मारण्याची आज्ञा करते. टिम नकार देतो. मग ती स्वतःच किंग स्नेकला उंच इमारतीवरून खाली लोटते. १९९४ च्या ‘नाइट्सएंड’ या कथानकात हीच परीक्षा खुद्द बॅटमॅनची होते. बेन या खलनायकाने पाठीचा कणा मोडल्यानंतर सावरलेला ब्रूस वेन, म्हणजेच बॅटमॅन, हरवलेली लढण्याची वृत्ती परत मिळवण्यासाठी तिच्याकडे येतो. ती मुखवटा घालून एका गुरूची हत्या करते, तोच मुखवटा ब्रूसला वापरायला लावते, आणि गुरूच्या खुनाचा सूड घेऊ पाहणारे शिष्य एकामागून एक त्याच्यावर तुटून पडतात. एवढा क्रूर अभ्यासक्रम दुसऱ्या कुणा खलपात्राला सुचल्याचे आठवत नाही. शेवटी एका प्रतिस्पर्ध्याला मारल्याचा निव्वळ आभास निर्माण करून ब्रूस तिची समजूत पटवतो. विद्या घ्यायची, पण त्या विद्येची तिने ठरवलेली किंमत द्यायची नाही, हा तिच्या बहुतेक शिष्यांपुढचा पेच असतो.

या पेचाचे सर्वांत समर्थ चित्रण लेखक केली पकेट आणि चित्रकार डेमियन स्कॉट यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या ‘बॅटगर्ल’ मालिकेत आहे. तिची नायिका कॅसांड्रा केन हिला मारेकरी बापाने बोलायला न शिकवता वाढवले आहे. शब्दांऐवजी ती माणसांच्या हालचाली वाचते, आणि म्हणूनच समोरच्याचा वार सुटण्याआधीच तिला कळतो. मन वाचू शकणारा एक माणूस तिच्या मेंदूत भाषा घालतो आणि त्यापायी ही देणगी नाहीशी होते. शिवा तिला सहज हरवते आणि सौदा मांडते : देणगी परत मिळेल, पण वर्षभराने मरेपर्यंत लढावे लागेल. २००२ च्या पंचविसाव्या अंकातील त्या लढतीत शिवा तिला लगेच ठार करते, आणि लगोलग तिचे हृदय पुन्हा सुरू करते. ही मुलगी जिंकायला नव्हे, मरायला आली आहे, हे तिने ओळखलेले असते, आणि असली फुकट मिळालेली जीत तिला नको असते. दुसऱ्या फेरीत कॅसांड्रा जिंकते आणि तिला जिवंत सोडते. कॉमिक्सची चौकट स्थिर असते, तिच्यात वेग दाखवणे अवघड. स्कॉट यांच्या चित्रांत त्याऐवजी शरीरांची ठेवण, खांद्याचा कल आणि संवादाविना जाणारी पाने बोलतात, आणि दोघीही देहबोलीतूनच एकमेकींना ओळखत असल्याने ती पद्धत कथेला नेमकी लागू पडते. शिवा ही कॅसांड्राची आई असल्याचे २००६ मध्ये स्पष्ट झाले. तो उलगडा मात्र, कबूल करायला हवे, त्या द्वंद्वाच्या तुलनेत फिका आहे.

२०११ मध्ये डीसीने आपले कथाविश्व नव्याने मांडले तेव्हा तिचा बराचसा पूर्वेतिहास पुसला गेला. २०१७ मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ या बॅटमॅनच्या मालिकेत ती लीग ऑफ शॅडोज या मारेकऱ्यांच्या संघटनेची प्रमुख म्हणून परतली आणि मायलेकींचा संघर्ष पुन्हा रंगला. फौजफाटा घेऊन शहरावर चाल करणारी ही शिवा जुन्या एकट्या भटक्या शिवापेक्षा अधिक रूढ वळणाची खलनायिका वाटते.

पूर्व आशियाई स्त्री म्हणजे गूढ आणि जीवघेणी, हा अमेरिकी जनप्रिय साहित्यातला जुना साचा तिच्या घडणीतही आहे, आणि मूळ मालिकेत तर नायक गोरा अमेरिकी व त्याला आव्हान देणारी आशियाई अशी मांडणी होती. २०२१ च्या ‘बॅटमॅन : सोल ऑफ द ड्रॅगन’ या सचेतपटाने कथानक १९७० च्या दशकातच ठेवले, पण रिचर्ड ड्रॅगनला आशियाई वंशाचा केले आणि शिवाला ओ-सेन्सेईंच्या शिष्यांमध्ये बरोबरीचे स्थान दिले. त्यात तिला केली हू या अभिनेत्रीचा आवाज लाभला. २०१३ च्या ‘बॅटमॅन : आर्कम ओरिजिन्स’ या व्हिडिओ गेममध्येही शिवाला आवाज तिनेच दिला होता.