गरोदरपण आणि एएफ: आजची औषधं आली कुठून

गरोदर बाईला एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे एएफ (हृदयाचा वरचा कप्पा थरथरून ठोके वेडेवाकडे होणं) झालं की डॉक्टर ठरावीकच औषधं काढतात आणि काहींना हातही लावत नाहीत, हे असं का ते कळायला जरा मागे जावं लागतं. इंग्लंडमधलं बर्नली, कापडगिरण्यांचं गाव, तिथे जेम्स मॅकेन्झी नावाचा साधा फॅमिली डॉक्टर होता. त्याची एक पेशंट बाळंतपणात हार्ट फेल होऊन गेली आणि ते त्याच्या मनाला इतकं लागलं की तो पेशंटच्या मानेतल्या शिरेचे ठोके यंत्राने कागदावर काढत बसायचा, तेही वर्षानुवर्षं. मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली झडप) आवळलेल्या एका बाईची नाडी अचानक वेडीवाकडी झाली तेव्हा कागदावरून वरच्या कप्प्याची लाट गायब झालेली त्याला दिसली. कप्पा लुळा पडला असं त्याला वाटलं, तो लुळा नसून नुसता थरथरतोय हे ईसीजी आल्यावर १९०९ मध्ये थॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरने दाखवलं. पण गरोदरपण आणि हार्ट या विषयावर १९२१ ला अख्खं पुस्तक लिहिलं ते मॅकेन्झीनेच.

तेव्हा हाताशी होतं मुख्यतः डिजिटॅलिस, ठोके हळू करणारं १७८५ पासूनचं औषध. गरोदरपणात रक्त ४०-५० टक्के वाढतं, त्यात व्हॉल्व्ह अरुंद आणि ठोके पळायला लागले तर खालचा कप्पा भरायला वेळच मिळत नाही, मग पाणी फुप्फुसात. म्हणून ठोके हळू करणं हाच मुद्दा, तो आजही तोच आहे, फक्त आता मेटोप्रोलॉलसारखी औषधंही आहेत. (व्हॉल्व्ह खराब होतो तो बहुतेक लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने, पाश्चात्त्य देशांत तो ताप जवळपास संपला, आपल्याकडे अजून आहेच.) १९८४ मध्ये जपानचे डॉक्टर इनोउए यांनी फुग्याने व्हॉल्व्ह उघडायची पद्धत मांडली, त्यामुळे गरज पडलीच तर आता गरोदरपणातही छाती न उघडता काम होतं.

गुठळीची भानगड वेगळी. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते, म्हणून रक्त पातळ करायचं औषध लागतं. अमेरिकेत सडलेलं क्लोव्हरचं गवत खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मरायची, त्या शोधातून वॉरफरिन निघालं, १९४८ ला चक्क उंदीर मारायचं औषध म्हणून आलं आणि १९५४ पासून माणसांना द्यायला लागले. पण ते वारेतून बाळापर्यंत जातं, सहाव्या ते बाराव्या आठवड्यात घेतलं तर बाळाचं नाक चपटं, हाडांत दोष, असे प्रकार दिसले. हेपारिन हे रक्त पातळ करणारं दुसरं औषध, त्याचा रेणू मोठा, तो वार ओलांडत नाही, म्हणून गरोदरपणात त्याची ही पोटाच्या कातडीखाली टोचायची इंजेक्शनं.

आणि शॉक? अमेरिकेतले हृदयाचे डॉक्टर लाऊन यांनी १९६२ मध्ये डीसी करंटच्या (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) शॉकने हृदयाचा ताल सरळ करायला सुरुवात केली. ऐकूनच घरच्यांचे हातपाय गार पडतात, पण बाळापर्यंत करंट फारच कमी पोचतो, आईचं बीपी कोसळत असेल तर थांबत नाहीत, बाळाचे ठोके बघत बघत देतात.

रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या, अपिक्सॅबॅन वगैरे, गरोदरपणात देत नाहीत आणि अंगावर पाजतानाही टाळतात. उलट ते उंदरांवालं वॉरफरिन दुधात जवळजवळ उतरतच नाही, त्यामुळे बाळंतपणानंतर परत तेच चालू होतं.