खंड कोणी वाढवायचा आणि किती: कोकणातल्या कूळ कायद्यामागची गोष्ट

घराचे भाडे वर्षाला किती वाढवता येते, याचे उत्तर महाराष्ट्रात एका ओळीत देता येते. भाडे नियंत्रण कायद्याखालच्या भाडेकरूला वर्षाला ४ टक्के. हा कायदा १९९९ चा, अमलात आला ३१ मार्च २००० पासून. पण कोकणात मालक आणि भाडेकरू यांच्यातला मूळ झगडा खोलीवरून पेटलाच नव्हता. तो भाताच्या कुणग्यावरून, म्हणजे लहानशा भातशेतावरून पेटला. तिथे भाड्याला खंड म्हणत, भाडेकरूला कूळ, आणि खंड किती घ्यायचा हे खोत ठरवत असे.

खोत म्हणजे गावाचा सरकारी धारा, म्हणजे शेतसारा, वसूल करून भरणारा वतनदार. कुळांकडून धाऱ्यापेक्षा जे जास्त मिळेल ते त्याचे. सगळी कुळे मात्र एका पंक्तीतली नव्हती. धारेकरी फक्त धारा भरत. दीडपटकरी आणि दुपटकरी नावाप्रमाणे दीडपट, दुप्पट. त्यांच्या खालची मोठी रांग अर्धेलीने कसणाऱ्यांची: भातशेतीचे निम्मे पीक खोताचे, वरकस म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीचा तिसरा हिस्सा खोताचा.

निम्मे म्हणजे निम्मेच, मग वाढ कुठून होणार, असे वाटेल. ती अभावणीतून होत असे. भात पिवळे पडू लागले की खोताचा माणूस बांधावर येई. उभ्या पिकावर नजर फिरवून इतके मण निघेल असा आकडा सांगे आणि खंड त्या आकड्यावर बसे. नंतर रानडुकरांनी शेत तुडवले, परतीच्या पावसात लोंब्या आडव्या झाल्या, तरी आकडा तोच. खळ्यावर प्रत्यक्ष कमी भात निघाले तर कुळाचा निम्मा हिस्सा आणखी आटायचा. वर वेठ, म्हणजे फुकट राबणे, होतेच. कागदावर दर न बदलता दरवर्षी खंड वाढवण्याची ही सोय होती, आणि कुळाने तक्रार केली तर पुढच्या हंगामाला जमीन दुसऱ्याच्या हातात जाई. माझ्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली इथे आहे. ज्याला काढून टाकता येते, त्याचा खंड हवा तेवढा वाढवता येतो.

इंग्रज सरकारने रत्नागिरी जिल्ह्यासाठी १८८० साली खोती कायदा केला. त्यात कायम कुळाचा हक्क मान्य झाला खरा, पण अट अशी की कित्येक वर्षे मागच्या काळापासून ती जमीन त्या घराण्याने सलग कसलेली असावी. म्हणजे पुरावा जुन्या पिढ्यांपासूनचा हवा. ज्या घरात पावतीसुद्धा कधी आली नव्हती, त्या घराने हा पुरावा कुठून आणायचा? धारेकरी आणि मोजकी जुनी कुळे सावरली, बाकीची होती तिथेच राहिली.

हिशेब बदलला तो अलिबागजवळच्या खारेपाटात. चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ ला शेतकरी नेते नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी संप पुकारला. खोतांची जमीन कसायचीच नाही, असा निर्धार झाला. चरीसह पंचवीस गावे त्यात उतरली. खाऱ्या पाण्यापासून राखलेली ती शेते वर्षामागून वर्षे ओसाड पडली. कसणाऱ्याच्या घरातही उपासमार होती, हे विसरून या संपाची उंची कळणार नाही. संप मिटायला १९३९ साल उजाडले. दरम्यान डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले, १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले, आणि १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला.

१९३९ च्या मुंबई कूळ कायद्याने सुरुवात नेमकी योग्य जागी केली. १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे कसणारे कूळ ‘संरक्षित’ ठरले. पुराव्याची अट सहा वर्षांवर आली, तीही लोकांच्या आठवणीतल्या काळातली. १९४६ च्या दुरुस्तीनंतर कायदा सगळ्या प्रांताला लागू झाला.

मग १९४८ चा कूळ कायदा आला. खंडाची कमाल मर्यादा कोरडवाहू जमिनीला पिकाचा तिसरा हिस्सा, बागायतीला चौथा. वेठ आणि खंडाखेरीजची इतर वसुली घेणे बेकायदा ठरले. खंडाची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक झाले, आणि मला ही तरतूद मर्यादेइतकीच मोलाची वाटते, कारण अभावणीचा सगळा कारभार तोंडी होता. १९४९ च्या कायद्याने खोतीच संपवली. १९५६ च्या दुरुस्तीने पिकाच्या हिश्शाऐवजी आकाराशी, म्हणजे जमिनीच्या सरकारी साऱ्याशी, खंड बांधला: आकाराच्या पाचपट किंवा एकरी २० रुपये, यांतले जे कमी ते. बांधावरच्या नजरेला यात जागा उरली नाही.

१ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले आणि बहुतेकांपुरता खंडाचा प्रश्न मिटला. मालक विधवा, अज्ञान (वयाने सज्ञान नसलेला) किंवा सैन्यात असेल तर खरेदी पुढे ढकलली गेली. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात आजही कुळाचे नाव दिसते, तेव्हा पुष्कळदा मागे असेच एखादे लांबलेले प्रकरण असते.

या कायद्याची एक बाजू आज कोकणात फिरताना डोळ्यांत भरते. मुंबईला गेलेले मालक ‘कूळ लागेल’, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क बसेल, या धास्तीने जमीन कोणाला कसायला देत नाहीत आणि कुणगे पडीक राहतात. कोणी दिलीच तर तोंडी देतात. भात झोडले की ठरलेली पोती मालकाच्या पडवीत पोचतात. पावती कोणी मागत नाही, आणि पुढच्या वर्षी किती पोती द्यायची ते मृगाच्या तोंडावर मालकाचा फोन आला की कळते.