वंशावळीसाठी येताना भावांची नावे आणा

(वंशावळ शोध व मोडीवाचन, बडोदे. ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी कागदावर एक सरळ रेघ आखून आणतात. मी, वडील, आजोबा, पणजोबा, आणि त्यांच्या वर रिकामी चौकट. ती भरून द्या, एवढीच अपेक्षा असते. आम्ही आधी विचारतो, पणजोबांना भाऊ किती? इथे बरेच जण अडतात. "भाऊबंदांचं काय करायचंय, आम्हाला आमचीच वंशावळ हवी." कुठे वाड्याच्या वाटणीवरून जुना तंटा असतो आणि त्या घरच्यांचे नावच निघत नाही. सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो, आणि त्याचे पैसे तुमचे जातात. म्हणून हे पत्रक.

नातवाला आजोबांचे नाव ठेवायची आपली रीत. समजा मूळ पुरुष गोविंद. त्यांना रामचंद्र, महादेव, सदाशिव हे तीन मुलगे. गोविंदराव गेल्यावर तिघांच्याही घरी पहिला मुलगा झाला की नाव गोविंदच. एका आडनावाचे, एका गावचे, थोड्या वर्षांच्या अंतराने जन्मलेले तीन गोविंद! खालच्या पिढीत पुन्हा रामचंद्र. दप्तरात गोविंद रामचंद्र, रामचंद्र गोविंद, परत गोविंद रामचंद्र असे समोर आले की आजा कोण आणि नातू कोण, हे नुसत्या नावावरून कळत नाही. ओळख पटते ती भावांवरून आणि बायकोच्या नावावरून.

मागे एका घराण्याचे काम आम्ही दोन महिने भलत्याच शाखेत करत होतो. नाव, बापाचे नाव, आडनाव, गाव, सगळे जुळत होते. मग त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे नामावळीत नोंद मिळाली. यात्रेला आलेले गृहस्थ, त्यांचे दोन बंधू, मुलगे, आणि खाली मोडीत सही. बंधूंची नावे वाचून दाखवताच ग्राहक म्हणाले, "हे तर चुलत घराण्यातले!" ही नावे त्यांना पहिल्या दिवशीही ठाऊक होती. पण ती कामाची आहेत, असे त्यांना वाटलेच नव्हते.

ही नावे घरातच असतात. पितृपक्षात महालयाला काका, भाऊ, मामा यांची नावे घेतात. ती यादी पूजेच्या डब्यात किंवा जुन्या पंचांगात घडी घालून ठेवलेली सापडते. कोणाचे सुतक दहा दिवस पाळायचे आणि कोणाचे तीन, हे आजीला विचारा, भाऊबंदकी आपोआप उलगडते. वाटणीपत्र असेल तर उत्तमच, त्यात एकही भाऊ सुटत नाही. आणि "तात्या", "अण्णा" असे लिहून आणू नका, पाळण्यातले नाव हवे.

दुसरी गोष्ट सनाची. बडोद्यात मराठी घरांच्या कागदांवर शक असतो, गुजराती कागदांवर संवत, आणि दोन्हींत साधारण 135 वर्षांचे अंतर. कागदावर नुसते 1797 असेल आणि तो शक असेल, तर इसवी सन 1875, म्हणजे सयाजीराव महाराज गादीवर आले ते वर्ष. तोच संवत असेल तर 1740-41, दमाजीराव गायकवाडांचा काळ. म्हणून आकडा घरी बदलून आणू नका, मूळ कागद आहे तसा आणा. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर मुळीच नको.

बडोदे संस्थानचे दप्तर बडोद्यातल्या कोठी इमारतीत आहे, पेशवे दप्तर पुण्यात. मूळ गाव इंग्रजी मुलखात असेल आणि घराण्याला इनाम असेल, तर इनाम कमिशनपुढे (इनामांचे हक्क तपासायला इंग्रजांनी नेमलेले मंडळ) दिलेल्या कैफियतीत, म्हणजे लेखी निवेदनात, अख्खी वंशावळ मिळू शकते. संस्थानात 1906 पासून प्राथमिक शिक्षण सगळीकडे सक्तीचे झाले, त्यामुळे त्यानंतरच्या पिढ्यांसाठी शाळेचे रजिस्टर आम्ही आधी पाहतो. मूळ गावाचा तालुकाही सांगा, नुसते "खेड" सांगितले तर कुठले खेड धरायचे?

नाव निघाले नाही तरी वाचनाचे पैसे का, असे विचारतात. रुमालातला, म्हणजे कापडात बांधलेल्या दप्तराच्या गठ्ठ्यातला, प्रत्येक कागद सोडून, वाचून, पुन्हा बांधावा लागतो, नाव निघो वा न निघो. अमुक शाखेत तो माणूस नाही, हेही आम्ही लेखी देतो, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणाकडे गेलात तर तेच काम दुसऱ्यांदा करावे लागणार नाही. "आमचे पूर्वज पिलाजीराव गायकवाडांबरोबर आले" ही आठवण आम्ही मानाने लिहून घेतो, पण वेगळ्या पानावर. पुरावा नसलेली पिढी आम्ही जोडत नाही. आमची वंशावळ थोडी आखूड निघते, पण तिच्यातल्या प्रत्येक नावापुढे कागदाचा पत्ता असतो.

पहिल्या बैठकीचे पैसे आम्ही घेत नाही. पितृपक्षाच्या आधी गर्दी असते, तेव्हा फोन करून या. त्याआधी एक फोन घरातल्या सगळ्यात वयस्कर आत्याला करा. त्या लग्न होऊन दुसऱ्या घरी गेल्या म्हणून त्यांना कोणी विचारत नाही, पण माहेरचे सगळे काका त्यांना क्रमाने पाठ असतात.