टायको विवर

टायको विवर : चंद्राच्या पृथ्वीकडील बाजूवर, दक्षिणेकडच्या उच्चभूमीत असलेले आघातजन्य विवर. स्थान 43.3° दक्षिण, 11.4° पश्चिम. व्यास सुमारे 85 किमी.; कडेपासून तळापर्यंतची खोली सुमारे 4.7 किमी. डॅनिश ज्योतिर्विद टायको ब्राहे (1546–1601) यांचे नाव या विवराला इटालियन ज्योतिर्विद जिओव्हान्नी रिच्चोली यांनी 1651 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशात दिले.

चंद्रावर याहून मोठी विवरे पुष्कळ आहेत. दक्षिणेकडे जवळच असलेल्या क्लेव्हियसचा व्यास 230 किमी.च्या घरात जातो. टायको अभ्यासकांना महत्त्वाचे वाटते ते त्याच्या कमी वयामुळे. हा आघात सुमारे 10.8 कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो; साडेचार अब्ज वर्षांच्या चंद्रावर हा काळ फारच अलीकडचा. क्लेव्हियसच्या कडा नंतरच्या लहानमोठ्या आघातांनी बोथट झाल्या आहेत, तळावरही विवरे पडली आहेत. टायकोच्या पायऱ्या, तळावरच्या भेगा आणि बाहेर फेकला गेलेला मलबा मात्र अजून स्पष्ट ओळखू येतो.

निर्मिती : सेकंदाला पंधरा-वीस किमी. वेगाने येणारा खडक जमिनीवर आदळतो तेव्हा आघात-तरंग खाली शिरतात, खडक चेपतात, वितळवतात आणि बाहेर उडवतात. पहिला खड्डा वाडग्याच्या आकाराचा असतो. विवर लहान असेल तर तो आकार तसाच टिकतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर (व्यास सुमारे 1.8 किमी.) या साध्या प्रकारचे आहे, तेही बेसाल्ट खडकात असल्यामुळे चांद्रविवरांच्या तुलनेसाठी ते वारंवार अभ्यासले गेले आहे. खड्डा एका मर्यादेपलीकडे मोठा झाला की स्वतःचे वजन त्याला पेलवत नाही. कडा आत कोसळतात आणि तळाचा मध्यभाग उसळून वर येतो. पृथ्वीवर ही मर्यादा 2 ते 4 किमी. व्यासाला येते, चंद्राचे गुरुत्व एक-षष्ठांश असल्याने तेथे ती 15 ते 20 किमी.पर्यंत लांबते. टायको त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे असल्यामुळे जटिल विवराची सगळी लक्षणे त्यात आढळतात.

कडेच्या आतल्या बाजूने पायऱ्या उतरत जातात. प्रत्येक पायरी म्हणजे खाली घसरलेला कडेचा एकेक अखंड तुकडा. पायऱ्यांच्या सपाट भागांत वितळलेला खडक साचून त्याची लहान डबकी थिजली आहेत. तळ सपाट नाही. आघातात वितळलेल्या खडकाचा थर तेथे पसरला, त्यात न वितळलेले तुकडे अडकले आणि थंड होताना थर आकसल्यामुळे भेगा पडल्या. कडेबाहेरही वितळलेल्या खडकाचे ओघळ वाहत गेले आहेत. विवराभोवती पौर्णिमेला दिसणारे गडद कडे याच काचमय वितळीचे आहे. पुढे सर्वदूर पसरलेला मलबा उजळ असल्याने ते अधिकच काळपट भासते.

मध्यशिखर : तळापासून सुमारे 2 किमी. उंच, सुमारे 15 किमी. रुंदीचा हा डोंगरसमूह आहे. त्यातील खडक मुळात खोलवरचे. उसळी व्यासाच्या साधारण एक-दशांश असते या नेहमीच्या अनुमानाने ते 8–9 किमी. खालून आलेले असावेत. वर्णपटात या शिखरावर कॅल्शियमयुक्त पायरॉक्सिन (लोह-मॅग्नेशियमयुक्त गडद खनिज) दिसते, म्हणजे खडक गॅब्रो या खोलवर थिजलेल्या गडद अग्निज खडकासारखा. भोवतालची उच्चभूमी प्रामुख्याने फेल्डस्पार या फिक्या खनिजाची आहे. भोक न पाडता कवचाचा खालचा थर तपासण्याची अशी सोय चंद्रावर मध्यशिखरांतच मिळते. चांद्रयान-1 नेही या शिखराची चित्रे घेतली.

लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानाने जून 2011 मध्ये सूर्योदयाच्या तिरप्या उजेडात घेतलेल्या चित्रात शिखरमाथ्यावर सुमारे 120 मी. रुंदीचा एक धोंडा दिसतो. त्याच्याभोवती भेगाळलेल्या वितळीचा थर आहे. 2 किमी. उंचीवर वितळ पोहोचते कशी? शिखर काही मिनिटांतच उभे राहिले आणि तोवर वितळलेला खडक हवेत, खरे तर निर्वातात, उडतच होता. तो नंतर माथ्यावर पडून थिजला, असे मानले की हे जुळते. शिखर सावकाश वर आले असते तर ही वितळ तिथे दिसली नसती.

किरणपट्टे : टायकोपासून निघालेले उजळ पट्टे 1500 किमी.हून दूर जातात. मलब्याचे तुकडे परत पडताना त्यांनी दुय्यम विवरांच्या माळा खणल्या आणि खालची ताजी माती वर आणली. उच्चभूमीचा फिका खडक सागरांच्या (चंद्रावरील थिजलेल्या लाव्ह्याच्या सपाट मैदानांच्या) काळ्या बेसाल्टवर पडतो तेथे पट्टा विशेष उठून दिसतो. पट्टे सर्व बाजूंना सारखे नाहीत. पश्चिमेकडे मोठी मोकळी जागा आहे. तिरप्या आघातात ज्या बाजूने खडक येतो त्या बाजूला मलबा कमी उडतो, त्यावरून येथे आघात पश्चिमेकडून झाला असा निष्कर्ष काढतात. सौरवारा आणि सूक्ष्म उल्कांचा मारा यांमुळे मातीच्या कणांवर लोहाचे अतिसूक्ष्म कण जमतात, माती काळवंडते आणि पट्टे पुसट होत जातात. टायकोच्या पट्ट्यांवर ही प्रक्रिया अजून फार पुढे गेलेली नाही.

वय : टायकोतून आणलेला एकही नमुना उपलब्ध नाही. 10.8 कोटी वर्षे हा आकडा आला तो सुमारे 2200 किमी. दूरच्या टॉरस-लिट्रो दरीतून, जेथे डिसेंबर 1972 मध्ये अपोलो-17 उतरले. तेथील दक्षिण डोंगराच्या पायथ्याशी फिक्या रंगाची दरड पसरली आहे. टायकोचा मलबा डोंगरमाथ्यावर आदळून ती कोसळली, असे मानले गेले. दरडीबरोबर उघड्यावर आलेल्या खडकांवर वैश्विक किरणांचा मारा सुरू झाला आणि त्यांत काही दुर्मिळ समस्थानिके साठत गेली. ती मोजली की खडक किती काळ उघडा आहे ते कळते. काही मीटर खोल पुरलेल्या खडकावर हा मारा जवळजवळ होतच नाही, म्हणून पद्धत चालते. तिच्या अडचणीही त्यातच आहेत. दरडीआधी खडक पृष्ठभागाजवळ असेल तर वय जास्त येते. नंतर तो काही काळ मातीखाली गेला असेल तर कमी.

त्याहून नाजूक दुवा आहे तो दरड आणि टायको यांच्यातला. दरीतून ली-लिंकन हा प्रस्तरभंग (खडक सरकल्याने पडलेली भेग) जातो, आणि त्याच्या हादऱ्यांनीही दरडी कोसळू शकतात असे काही अभ्यासकांचे मत आहे. या दरडीतून काढलेला एक दुहेरी नळीतला नमुना मुद्दाम जपून ठेवला होता. त्याची वरची नळी 2019 मध्ये आणि निर्वातात बंद केलेली खालची नळी 2022 मध्ये उघडली गेली. विवरमोजणीची पद्धत (पृष्ठभाग जितका जुना तितकी त्यावर लहान विवरे जास्त) वापरली तरी पेच सुटत नाही. वितळीच्या सपाटीवर आणि बाहेरच्या मलब्यावर लहान विवरे मोजली तर एकाच आघाताची दोन वेगळी वये हाती येतात. मलबा भुसभुशीत व वितळ कठीण, त्यामुळे सारख्या आघाताने पडणारा खड्डा सारखा नसतो. शिवाय टायकोचेच तुकडे उलटे येऊन मलब्यावर पडले असल्यास ती विवरे मोजणीत मिसळतात.

बाप्टिस्टिना या लघुग्रह-कुटुंबातील तुकड्याने टायको घडवले, ही 2007 मधील कल्पना बरीच गाजली. 2011 मध्ये त्या कुटुंबाच्या फुटण्याचा काळ सुमारे 8 कोटी वर्षांपूर्वीचा निघाला. म्हणजे तुकडे व्हायच्या आधीच विवर पडलेले! तेव्हा ती कल्पना मागे पडली.

प्रत्यक्ष तपासणी : अमेरिकेचे सर्व्हेयर-7 हे यान 10 जानेवारी 1968 रोजी टायकोच्या उत्तर कडेपासून सुमारे 30 किमी.वर, मलब्याच्या थरावर उतरले. सर्व्हेयर मालिकेतील उच्चभूमीवर उतरलेले हे एकमेव यान. अल्फाकणांनी मातीतील मूलद्रव्ये ओळखणारी त्याची पेटी जमिनीपर्यंत उतरेना, तेव्हा माती खणण्याच्या यांत्रिक हाताने तिला ढकलून खाली बसवण्यात आले. सागरांतील मातीपेक्षा येथे ॲल्युमिनियम जास्त आणि लोह-गटातील मूलद्रव्ये कमी आढळली. ऑगस्ट 2023 मध्ये 69.4° दक्षिणेला उतरलेल्या चांद्रयान-3 च्या प्रज्ञान गाडीनेही अल्फाकणांवर आधारलेल्या उपकरणाने माती तपासली. तीही अ‍ॅनॉर्थोसाइटी उच्चभूमीचीच, म्हणजे मुख्यतः फेल्डस्पारच्या खडकाची, निघाली.

13 मार्च 1960 च्या चंद्रग्रहणात उष्णतामापनातून आणखी एक गोष्ट लक्षात आली होती : पृथ्वीच्या सावलीत टायको आजूबाजूच्या जमिनीइतका झपाट्याने थंड होत नाही. बारीक धूळ उष्णता लगेच सोडते, मोठे धोंडे धरून ठेवतात. ताज्या विवरात धोंड्यांचा अजून चुरा झालेला नसतो.

निरीक्षण : पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र दक्षिणेकडे असताना त्याच्या खालच्या भागातला तेजस्वी ठिपका टायकोचा. 10×50 द्विनेत्रीतून पट्टे सहज दिसतात. न्यूटनी दुर्बिणीत प्रतिमा उलटी असते, तेव्हा वरच्या बाजूला शोधावे. पौर्णिमेला सावल्या नसतात, त्यामुळे शिखर आणि पायऱ्या पाहण्यास ती रात्र निरुपयोगी. क्लेव्हियससारखे विवरही तेव्हा जवळजवळ हरवते. त्यासाठी शुक्ल नवमी-दशमी निवडावी, कारण टायकोवर सूर्योदय अष्टमीनंतर साधारण एका दिवसाने होतो. मात्र तेव्हा पट्टे दिसत नाहीत आणि गर्दीतून टायको ओळखताना नवखे निरीक्षक हमखास चुकतात. तीक्ष्ण कडा आणि ठसठशीत मध्यशिखर या खुणा धराव्यात. विवराची पूर्व-पश्चिम रुंदी सुमारे 46 विकला (1 विकला = अंशाचा 3600 वा भाग) भरते; उत्तर-दक्षिण ते दबलेले, लंबगोल दिसते. शिखर पाहायला 60 मिमी. दुर्बीण पुरते.

कड सगळीकडे सारख्या उंचीची धरली, तर सूर्य 3.6° वर आल्यावर शिखराचा माथा उजळतो आणि शिखराच्या पायथ्याच्या तळावर ऊन पोहोचायला सूर्य 6° च्या वर यावा लागतो. या अक्षांशावर सूर्य तासाला सुमारे 0.37° चढतो. त्यामुळे सुमारे सात तास काळ्याभोर तळात शिखरच तेवढे उजळलेले असते, आणि चंद्र मावळण्याआधी त्यातला किती भाग आपल्या वाट्याला येईल हे त्या महिन्याच्या अष्टमीच्या वेळेवर अवलंबून राहते.