विरजण आणि उकड: फायबरच्या होडीला पॉलिएस्टर की इपॉक्सी?

"हार्डनर वायच जास्ती घाल रे, सकाळपर्यंत सुकाक व्हया." मे महिना संपत आला, होड्या वर ओढल्या गेल्या की मालवणच्या दांडी किनाऱ्यावर हे वाक्य कानावर पडतंच. मी विचारतो, "कसलो हार्डनर?" उत्तर ठरलेलं असतं, "रेझिनचो."

इंजिनात काय घालू असं विचारल्यावर नुसतं 'तेल' म्हणावं, तसलं हे उत्तर. डिझेल की ऑइल ते सांगायला नको? फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांचे थर, आणि त्यांना धरून घट्ट होणारा चिकट द्रव म्हणजे रेझिन. फायबरच्या कामात दोन रेझिनं चालतात, पॉलिएस्टर आणि इपॉक्सी. दिसायला दोन्ही मधासारखी. दोन्हींसोबत एक छोटी बाटली येते आणि बोलताना तिला सगळेच 'हार्डनर' म्हणतात. हा एक शब्द जितकी होड्यांची डागडुजी वाया घालवतो, तितकी खारं पाणीही घालवत नाही.

पॉलिएस्टरबद्दल फार सांगत नाही, ते तुमच्या हातातलं आहे. दुकानात 'जीपी रेझिन' म्हणून मिळतं ते हेच. नाकात जाणारा उग्र वास त्यातल्या स्टायरीन या द्रवाचा. आधी घट्ट होण्याला वेग देणारं जांभळट कोबाल्ट घालून ढवळायचं, मग त्या छोट्या बाटलीतला पाण्यासारखा दिसणारा कॅटॅलिस्ट. कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत, भडका उडतो. तुमची होडी बनली तीही याच रेझिनात, मॅट (तुकड्या धाग्यांची चादर) आणि रोव्हिंग (जाड विणलेलं कापड) यांचे थर देऊन. इथपर्यंत आपलं एकमत आहे.

आता मुद्द्याकडे. पॉलिएस्टरमधली ती बाटली हार्डनर नाहीच, ते विरजण आहे. लिटरभर दुधाला चमचाभर विरजण लागतं. जरा जास्त पडलं तर दही लवकर लागतं आणि आंबटतं, जरा कमी पडलं तर उशिरा लागतं. काही झालं तरी दही दुधाचंच होतं. त्या बाटलीतलं एमईकेपी, म्हणजे मिथाइल इथाइल किटोन पेरॉक्साइड, नेमकं हेच करतं. रेझिनमधले रेणू आणि स्टायरीन एकमेकांत गुंफायला तयारच असतात, त्यांना फक्त कोणीतरी सुरुवात करून द्यायला हवी. म्हणून किलोभर रेझिनला १० ते २० ग्रॅम पुरतं. कोकणातल्या मे महिन्याच्या उकाड्यात १० ग्रॅमच्या आसपास, ढगाळ हवेत थोडं जास्त. १ टक्क्याच्या फार खाली गेलात तर काम कायमचं कच्चं राहतं, फार वर गेलात तर ते तापून तडकतं. पण या मधल्या पट्ट्यात कमीजास्त केलं तर चालतं, आणि आपल्या कारागिरांचा हात याच सवयीवर बसलाय. झाकणाने मोजायचं, नजरेने ओतायचं, घाई असली तर जरा सढळ हाताने.

इपॉक्सीचा हार्डनर मात्र उकडीतल्या पाण्यासारखा आहे. मोदकाची उकड काढताना एक वाटी पिठाला एक वाटी पाणी घेतात. लवकर व्हावी म्हणून पाणी दुप्पट केलंत तर उकड लवकर होत नाही, तिची पेज होते. इथे हार्डनर सुरुवात करून देऊन बाजूला होत नाही, तो स्वतः पदार्थाचा भाग बनतो. रेझिनच्या प्रत्येक रेणूला हार्डनरचा जोडीदार मिळावा लागतो. हार्डनर जास्त पडला तर उरलेल्याला जोडीदार नाही, कमी पडला तर रेझिन एकटं राहतं. दोन्हींकडून माल मऊ, रबरी, कमकुवत होतो आणि पाणी पितो. डब्यावर दोनास एक लिहिलंय तर दोनास एक, पाचास एक लिहिलंय तर पाचास एक. हवा थंड असो की गरम, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असो की नसो.

पटत नसेल तर घरात बघा. एम-सील मळताना दोन वळ्या सारख्याच घेता ना? अराल्डाइटच्या दोन नळ्यांतून सारखीच रेघ काढता ना? ही दोन्ही इपॉक्सीच. नळाच्या गळतीला जे प्रमाण मुकाट्याने पाळतो, ते २२ फुटी होडीच्या तळाला पाळायला काय हरकत आहे?

मग इपॉक्सी लवकर सुकवायची तर? जलद हार्डनर वेगळा मिळतो, तो आणायचा. प्रमाण त्याच्या डब्यावरचं. आपल्याकडे खरं तर उलटी गरज असते, संथ हार्डनरची. उन्हाळ्यात अर्धा किलो इपॉक्सी बादलीत कालवून चहा प्यायला गेलात तर परत येईपर्यंत बादलीतून धूर निघत असतो. थोडी थोडी कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता, म्हणजे उष्णता साठत नाही. आणि मोजायला काटा घ्या. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, फक्त घरच्यांसाठी दुसरा आणून द्या. एक बारीक गोष्ट: डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, ते आधी वाचा. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे मापाने दोनास एक म्हणजे वजनाने दोनास एक नव्हे.

या एकाच फरकातून दुसरा घोटाळा निघतो आणि तो जास्त फसवा आहे. दुसऱ्या दिवशी बोट लावून बघितलं तर पृष्ठभाग चिकट. पॉलिएस्टर चिकट असलं तर बहुतेकदा काही बिघडलेलं नसतं. हवेतला ऑक्सिजन वरच्या पापुद्र्याला पूर्ण घट्ट होऊ देत नाही, खालचा थर टणक झालेला असतो. तो चिकटपणा उलट उपयोगाचा, पुढचा थर त्यात मिसळून बसतो. शेवटच्या थरात मेणाचं द्रावण घातलं की मेण वर येतं, हवा अडते आणि पृष्ठभाग कोरडा होतो. इपॉक्सी मात्र वेळ उलटून गेल्यावरही चिकट किंवा मऊ असेल तर प्रमाण चुकलंय किंवा नीट ढवळलेलं नाही. त्यावर पुढचा थर दिलात तर कच्च्यावर पक्कं बांधलंत. ते सगळं खरवडूनच काढावं लागतं. लक्षण एकच, अर्थ अगदी उलटे. पॉलिएस्टरच्या सवयीने 'असूं दे, चिकट असताच' म्हणणारा माणूस इपॉक्सीत इथेच बुडतो.

मीही बुडलोय. जुनी होडी घेतली त्या पहिल्या वर्षी नाळेखाली (होडीच्या पुढच्या टोकाखाली), वाळूत घासून घासून फायबर पातळ झालेल्या जागी, इपॉक्सीचा पॅच मारायचा होता. दुकानदाराने रेझिनचा डबा दिला आणि 'हार्डनर' म्हणून पांढरी प्लास्टिकची बाटली दिली. बाटलीत एमईकेपी. मी वास घेतला नाही, लेबल वाचलं नाही, झाकणाने मोजून घातलं आणि ढवळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताडपत्री उचलली तर कापड हळूहळू खाली घसरत होतं आणि इपॉक्सी काकवीसारखी ठिबकून वाळूत तिची गोळी झाली होती. तिसऱ्या दिवशीही तसंच. एमईकेपीने इपॉक्सी कधीच घट्ट होत नाही, वर्षभर ठेवली तरी. पत्रीने खरवडा, ॲसिटोनने पुसा, पुन्हा खरवडा, यात दोन दिवस गेले. दुकानदार म्हणाला, "हार्डनर तो हार्डनर." तेव्हापासून मी 'कॅटॅलिस्ट' आणि 'हार्डनर' हे शब्द वेगळे वापरतो आणि लोक मला शिष्ट म्हणतात. म्हणोत.

बाकीचे फरक तुलनेने सोपे.

नवी होडी पॉलिएस्टरमध्येच बनते, कारण साच्यात एकामागून एक ओले थर चढतात आणि एकजीव होतात. जुन्या होडीवर तसं होत नाही. जुनं फायबर पूर्ण घट्ट झालेलं, त्याच्यात मिसळायला काही उरलेलं नसतं. नव्या थराला फक्त खरखरीत पृष्ठभाग धरून राहायचं असतं. पॉलिएस्टर सुकताना आकसतं आणि गोंद म्हणून ते सुमारच आहे. इपॉक्सी फार कमी आकसते आणि धरते घट्ट. मागे शेजारच्या होडीचा पॉलिएस्टरचा पॅच ऑक्टोबरात अख्खा सुटला, जखमेची खपली निघावी तसा. उलटा करून पाहिला तर पाठीला निळा ऑइलपेंट, ब्रशच्या रेघांसकट. म्हणजे तो फायबरला चिकटलेलाच नव्हता, रंगाला चिकटला होता. तो दोष रेझिनचा नव्हे, घासकामाचा. इपॉक्सीही त्या रंगावर तशीच सुटली असती.

म्हणून आधी साबणपाण्याने तेलमेण काढा, मग ग्राइंडर. उलट क्रमाने केलंत तर तेल घासून फायबरात जिरवाल. लाकडी होडीला काजूच्या टरफलांचं तेल लावायची रीत चांगली होती, लाकडाला ते मानवायचं. फायबरला तेल चोपडणारे भेटले की मात्र मी हात जोडतो. भोकाच्या कडा उतरत्या घासायच्या, जाडीच्या १२ पट. ४ मिलिमीटर जाड फायबर असेल तर चहूबाजूंनी साधारण ५ सेंटिमीटरचा उतार. एवढं कोणी करत नाही. करा. आणि तळ आतून ओला आहे का ते बघायला प्लास्टिकचा कागद चारही कडांनी टेप लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबा.

मॅटची गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. मॅटमधले तुकडे तुकडे धागे ज्या चिकणीने एकत्र धरलेले असतात, ती स्टायरीनमध्ये विरघळते. पॉलिएस्टर ओतलं की मॅट भिजलेल्या पापडासारखी लोळते आणि कोपऱ्यात बसते. इपॉक्सीत स्टायरीन नसतं. चिकण सुटत नाही, मॅट ताठच राहते, मध्ये हवा अडकते, आणि लोक म्हणतात इपॉक्सी खराब. इपॉक्सीसोबत विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या, मॅट नको.

वासाबद्दल एक. स्टायरीनचा वास माणसाला पळवतो, इपॉक्सीला फारसा वास नाही म्हणून लोक ती उघड्या हाताने फासतात. तिची ॲलर्जी एकदा अंगात भिनली की सहसा जात नाही. पुढे नुसतं जवळ गेलं तरी हात सुजतात. हातमोजे घाला. घासताना मास्क दोन्हींना हवाच, काचेची धूळ कोणत्या रेझिनातली आहे हे फुप्फुस विचारत नाही.

पावसाळी हवेत इपॉक्सीच्या पृष्ठभागावर मेणचट साय धरते. ओलावा, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि हार्डनर यांची ती करणी. भांडी घासायच्या हिरव्या घासणीने साध्या पाण्यात धुतली की जाते. थिनर नको, आणि धुण्याआधी पॉलिशपेपर तर नकोच. रंग पापुद्रे सोडतो त्याचं कारण पुष्कळदा हीच साय असते.

एवढं वाचून कोणी म्हणेल की सगळंच इपॉक्सीत करू. नको. ती पॉलिएस्टरच्या दुपटीहून महाग पडते. फळीवरचं झाकण, डेकवरचा खण, बर्फपेटीचा कोपरा, नवा सुटा भाग, हे खुशाल पॉलिएस्टरमध्ये करा. माझा नियम साधा आहे: पाण्याखाली असलेलं किंवा मार खाणारं सगळं इपॉक्सीत. गॅरेजातली गाडीची पुट्टी मात्र पाण्याखाली कधीच नको. तीही पॉलिएस्टरच, शिवाय टाल्क भरलेली, आणि पाणी ओढते.

शेवटी क्रम. पॉलिएस्टरवर इपॉक्सी चालते, इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा भरवसा नाही. खालच्या इपॉक्सीच्या हार्डनरमधल्या अमाइन या रसायनामुळे वरचं पॉलिएस्टर नीट घट्ट होत नाही. जेलकोट हे रंग घातलेलं पॉलिएस्टरच. म्हणजे तळाला इपॉक्सी लावलीत की तिथे जेलकोटचा विचार सोडा, तिथे रंगच. इपॉक्सी उघडीही ठेवू नका, उन्हाने पिवळी पडून तिची खडूसारखी पूड होते. इपॉक्सी प्रायमर मारा. त्यावर पाण्याच्या रेषेच्या वर दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग. तो ब्रश-रोलरने लावा, स्प्रे करायचा तर साधा कापडी मास्क चालणार नाही. रेषेच्या खाली पॉलियुरेथेन नको, तो सतत पाण्यात राहायला बनलेला नाही. तिथे शेवाळ-कालवं धरू न देणारा रंग. कोणी जुन्या साठ्यातला 'जबरदस्त' रंग देऊ केला तर त्यात ट्रायब्युटिल टिन नाही ना ते बघा. कालवांच्या पिढ्याच बिघडवणारं हे विष होड्या-जहाजांवर लावायला २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे.

ऑइलपेंटही चालतो हो, दरवर्षी नव्याने मारायची तयारी असेल तर. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला होडी नव्या रंगात पाण्यात उतरायलाच हवी, मग तळाला काय आहे ते कोण बघतो? फक्त नाळेवर ग्राइंडर फिरवण्याआधी नोंदणी क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. मी दोन वर्षांपूर्वी तो क्रमांक आठवणीने लिहिला होता आणि एक आकडा चुकला.