एड्स परिषद आणि अमेरिकेची प्रवेशबंदी

हजारो प्रतिनिधींची आंतरराष्ट्रीय परिषद मिळवू पाहणाऱ्या शहराकडे मोठे सभागृह, पुरेशी हॉटेले आणि विमानसेवा असावी लागते. परंतु त्या देशाचा प्रवेश कायदाही तितकाच निर्णायक ठरू शकतो, हे एड्सवरील आंतरराष्ट्रीय परिषदेच्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

१९८७ मध्ये, सिनेटर जेसी हेल्म्स यांच्या पुढाकारानंतर, अमेरिकेने एचआयव्हीची लागण हे प्रवेश नाकारण्याचे कारण ठरवले. ही बंदी स्थायिक होऊ इच्छिणाऱ्यांपुरती नव्हती, ती चार दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यालाही लागू होती. जून १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सहावी परिषद भरायची होती. सरकारने अशा परिषदांसाठी १० दिवसांचा खास व्हिसा देऊ केला, पण मूळ बंदी तशीच ठेवली. ज्यांच्या आजारावर चर्चा व्हायची त्यांनाच सवलतीच्या दाराने आत घेण्याची ही पद्धत अनेक संस्थांना अपमानास्पद वाटली आणि त्यांनी परिषदेवर बहिष्कार टाकला. हा आक्षेप रास्तच होता.

१९९२ ची परिषद हार्वर्ड विद्यापीठाच्या यजमानपदाखाली बॉस्टनमध्ये ठरली होती. १९९१ च्या आरंभी अमेरिकी आरोग्य खात्याने प्रवेशबंदीस कारण ठरणाऱ्या आजारांच्या यादीतून एचआयव्हीला वगळण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा आशा निर्माण झाली; मात्र तीव्र विरोधापुढे सरकारने माघार घेतली. तयारी सुरू असलेली परिषद दुसऱ्या खंडात हलवणे आयोजकांसाठी अतिशय जिकिरीचे असते. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स कार्यक्रमाचे माजी प्रमुख जोनाथन मान यांच्या अध्यक्षतेखालील ही परिषद जुलै १९९२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला भरली. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने बंदी थेट कायद्यात घातली, आणि ही परिषद भरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय एड्स सोसायटीनेही अशी बंदी असलेल्या देशात परिषद न भरवण्याचे धोरण पाळले.

२००८ मध्ये बुश यांच्या कारकिर्दीत कायद्यातील तरतूद निघाली. ओबामा प्रशासनाने ऑक्टोबर २००९ मध्ये अंतिम निर्णय जाहीर केला आणि ४ जानेवारी २०१० पासून बंदी उठली. जुलै २०१२ मध्ये, म्हणजे २२ वर्षांनी, ही परिषद अमेरिकेत, वॉशिंग्टनला परतली. पण देहविक्री करणाऱ्या आणि अमली पदार्थ घेणाऱ्या व्यक्तींवरील प्रवेशनिर्बंध कायम होते. त्यामुळे त्याच आठवड्यात देहविक्रय करणाऱ्यांच्या संघटनांनी कोलकात्यात, तेथील देहविक्रय करणाऱ्यांच्याच दरबार महिला समन्वय समिती या संघटनेच्या यजमानपदाखाली, आपला स्वतंत्र मेळावा भरवला. वगळलेल्यांना केवळ निषेध नोंदवून न थांबता स्वतःचे व्यासपीठ उभारता येते, हे त्या मेळाव्याने दाखवले, आणि या साऱ्या इतिहासातील तो सर्वांत मोलाचा भाग मला वाटतो.

२०२२ च्या मॉन्ट्रियल परिषदेत अडचणीचे स्वरूप बदलले. कॅनडात एचआयव्हीमुळे पाहुण्यांना बंदी नव्हती, तरी विशेषतः आफ्रिकेतील अनेक प्रतिनिधींना व्हिसा नाकारला गेला किंवा तो वेळेत मिळालाच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाच्या प्रमुख विनी ब्यानयिमा यांनाही जिनिव्हा विमानतळावर विमानात चढण्यापासून जवळजवळ रोखले गेले होते. येथे बोट ठेवावे असे एकही कलम नव्हते. नकार एकेका अर्जावर येत होता, आणि तोही परिषद तोंडावर आल्यावर. १९९१ मध्ये आयोजकांना यजमान शहर बदलण्याइतका तरी अवधी मिळाला होता.