सिमेटरी उरली नसली तरी महायुद्धात गेलेल्या माणसाचं नाव नोंदवता येतं: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या, सावंतवाडी-बेळगावला सोयरीक असलेल्या बऱ्याच घरांत एक तरी पूर्वज असा असतो जो पलटणीत भरती झाला, लढाईवर गेला आणि परत आलाच नाही, त्याचा फोटो नाही, थडगं नाही आणि गेल्याची तारीख पण कुणाला नीट ठाऊक नाही. बार्देस-सासष्टीत तोच माणूस बोटीवरचा तारवटी असतो. मग घरातले म्हणतात, ती सिमेटरीच आता राहिली नाही तर अर्ज कसला करणार, आणि विषय तिथेच संपतो. पण थडगं शिल्लक असणं ही अटच नाहीये हो! माणूस कुठल्या सेवेत होता आणि कधी, कशाने गेला, हे बघतात.

हे काम कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे आहे, १९१७ साली सुरू झालेली संस्था, दोन्ही महायुद्धांतल्या साधारण १७ लाख मृतांची नोंद त्यांच्याकडे आहे. वेबसाइटवर शोधणं, चौकशी करणं, नाव नोंदवायला केस पाठवणं सगळं फुकट आहे, त्यामुळे कोणी "पैसे द्या, करून देतो" म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

पात्रतेत तारखा सगळ्यात महत्त्वाच्या. पहिल्या महायुद्धासाठी मृत्यू ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ च्या मधला हवा, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या काळात सैन्यात नोकरीवर असताना गेला तर कारण काहीही चालतं, गोळी लागून, तापाने, अपघातात, अगदी छावणीत साथीच्या रोगाने गेला तरी. नोकरी सुटून घरी आल्यावर गेला असेल तर मृत्यू त्याच तारखांच्या आतला हवा आणि लढाईतल्या जखमेमुळे किंवा नोकरीत लागलेल्या आजारामुळे झाला याचा पुरावा हवा, आणि बहुतेक केसेस इथेच अडकतात. गोव्यातल्या लोकांना आणखी एक शंका असते, की आपण तेव्हा पोर्तुगीज प्रजा होतो मग आपलं कसं घेतील, तर राष्ट्रीयत्व बघत नाहीत, माणूस ब्रिटिश इंडियन आर्मीत किंवा रॉयल इंडियन नेव्हीत होता का ते बघतात. आणि आपल्यात दहन करतात म्हणून नाव लागत नाही असंही नाही, दहन झालेल्यांची नावं स्मारकांवर आहेत.

आता सोडून दिलेल्या सिमेटऱ्यांबद्दल. भारत-पाकिस्तानात ठिकठिकाणच्या छावण्यांत आणि गावांच्या दफनभूमीत युद्धकाळात सैनिक पुरले गेले, पुढे त्यातल्या बऱ्याच जागांची कायमची देखभाल करणं अशक्य झालं, तेव्हा कमिशनने नावं दुसरीकडच्या स्मारकांवर घेतली. पुण्यात खडकीला वॉर सेमेटरीच्या आवारात १९१४-१८ चं स्मारक आहे, त्यावर अशी १,८०० हून जास्त नावं आहेत, आणि त्यातल्या ६२९ जणांचे अवशेष १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडीहून आणून तिथे पुन्हा पुरलेत. बाकीचे बहुतेक जण अजून मूळ जागीच आहेत, फक्त नाव खडकीला. चेन्नईतही असंच स्मारक आहे. म्हणून शोधताना मूळ सिमेटरीच्या नावाने शोधत बसू नका, माणसाच्या नावाने शोधा. देशाबाहेर पण असं झालंय, सुएझजवळच्या पोर्ट तौफिकचं भारतीय सैनिकांचं स्मारक १९६७ नंतरच्या लढायांत मोडलं, तर त्याच्या जागी १९८० मध्ये कैरोच्या हेलिओपोलिस सेमेटरीत नवं उभारलं. इराकात अमाराला जमिनीतल्या क्षारांनी दगड खराब व्हायला लागले म्हणून १९३३ मध्ये ते काढूनच टाकले आणि नावं भिंतीवर घेतली.

इराकचा विषय आपल्या लोकांच्या जास्त जवळचा आहे कारण मराठा पलटणी पूना डिव्हिजनबरोबर तिथेच होत्या, तिथल्या कुत शहराला तुर्की फौजेने घातलेल्या वेढ्यात डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ अडकल्या आणि पुढे कितीतरी जण कैदेत गेले. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली पण भारतीय शिपायांचा पलटणीनुसार नुसता आकडा टाकला. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं. २०२१ मध्ये कमिशनच्याच समितीने मान्य केलं की किमान १,१६,००० जणांची एकतर नावानिशी नोंद झाली नाही किंवा काहीच झाली नाही, त्यात आफ्रिका आणि इजिप्तची माणसं सगळ्यात जास्त आहेत, आणि भारतीयांनाही बऱ्याच ठिकाणी बरोबरीची वागणूक मिळाली नाही. म्हणून म्हणते, घरात थोडा जरी कागद असेल तर केस पाठवाच.

पहिलं काम वेबसाइटवर शोध. स्पेलिंगमुळेच माणूस सापडत नाही, पोर्तुगीज कागदावर नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई असतं आणि पलटणीच्या क्लार्कने के लावलेला असतो, प्रभूचं तिकडे पोरोबो झालेलं असतं, त्यात पुष्कळ शिपायांचं नुसतं पहिलंच नाव नोंदलंय. म्हणून दोन-तीन अक्षरं टाकून इंडियन आर्मी आणि मृत्यूचं साल असं फिल्टर लावा, मग जास्तीच्या माहितीत वडिलांचं नाव आणि गाव असतं ते जुळवा. सापडला तर तिथूनच प्रमाणपत्र डाउनलोड होतं, चुका असतील तर पुरावा जोडून दुरुस्ती मागता येते.

नाहीच सापडला तर नोंद न झालेल्या मृताची केस. तीन गोष्टी सिद्ध करायच्या: सेवेत होता, अमुक तारखेला गेला, आणि घरी येऊन गेला असेल तर कारण सेवेशी जोडलेलं होतं. घरातली ट्रंक आधी उघडा. पहिल्या युद्धाच्या मेडलची कड उजेडात तिरकी धरून बघा, तिथे बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते. पाचेक इंचांची गोल ब्राँझची तबकडी असेल, तिच्यावर हुद्द्याशिवाय नुसतं नाव असेल, तर ती मृताच्या घरी पाठवलेली सरकारी तबकडी आहे, फार मोठा धागा आहे तो, घासून चकचकीत करू नका. पेन्शन बुक, डिस्चार्जचा कागद, मनीऑर्डरच्या पावत्या, छावणीहून आलेलं पत्र सगळं स्कॅन करा. नंबर मिळाला की बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड्स ऑफिसला लिहा, दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार ऑनलाइन पण शोधता येतं, आणि पहिल्या युद्धातल्या कैद्यांची कार्डं रेडक्रॉसने इंटरनेटवर खुली ठेवलीत. मृत्यू गोव्यात झाला असेल तर सिव्हिल रजिस्ट्रारचा दाखला, जुनं असेल तर पणजीचं पुराभिलेख खातं, ख्रिश्चन असेल तर चर्चचं मृत्यूचं रजिस्टर. पोर्तुगीज कागदाला इंग्रजी भाषांतर जोडा. आजीने सांगितलेली गोष्ट जरूर लिहा पण तेवढ्यावर केस उभी राहत नाही. ओरिजिनल पोस्टाने पाठवू नका.

तारवट्यांचं थोडं वेगळं आहे. व्यापारी बोटीवरचा माणूस शत्रूच्या हल्ल्यामुळे किंवा युद्धाच्या कारणाने गेलेला लागतो, नुसत्या आजाराने गेला तर सहसा बसत नाही. बोटीचं नाव आणि बुडाल्याची तारीख शोधा, मुंबईत धोबीतलावच्या कुडींमध्ये, म्हणजे गोव्याच्या तारवट्यांच्या गाववार क्लबांमध्ये, पण विचारून बघा. पहिल्या युद्धात समुद्रात गेलेल्या २,२२३ भारतीय खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये आहे.

काय बसत नाही तेही सांगते. दोना पावलाची ब्रिटिश दफनभूमी नेपोलियनच्या काळातल्या फौजेची, म्हणजे तारखांच्या बाहेर. १९६१ च्या ऑपरेशन विजयमधले, म्हणजे गोवा मुक्तीच्या कारवाईतले जवान भारत सरकारच्या यादीत, दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात. पोर्तुगीज फौजेत असलेल्यांचं पोर्तुगालकडे.

आणि कुठे रानात, जुन्या कोपऱ्यात या तारखांमधलं सैनिकाचं थडगं दिसलं तर स्वतः रंगवू नका, सिमेंट लावू नका, फोटो आणि मोबाइलवरचं लोकेशन कमिशनला कळवा. केसचा निकाल ते एकटे देत नाहीत, संबंधित देशाचं सैन्य खातं पुरावे तपासतं, त्यामुळे वेळ जातो. मान्य झालं की थडगं सापडतं आणि जपता येतं का ते बघून दगड, नाहीतर स्मारकावर नाव. कुठल्या स्मारकावर ते कमिशन ठरवतं. पण नावाचं स्पेलिंग कसं हवं ते पहिल्याच अर्जात पुराव्यासकट लिहा, एकदा कोरलं की बदलायला पुन्हा सगळी कागदपत्रं लागतात.